इराणी गालिचा आणि जुन्नरची घोंगडी : लोकरीच्या धाग्याची दोन रूपे

पुण्यात फरासखाना हे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळाच. पोलीस ठाण्यामुळे ते रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असते. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ आता फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. तंबू, राहुट्या, जाजमे, गालिचे अशी सारी बिछायत जेथे ठेवली जाई, तो फरासखाना. आणि ती अंथरणारा, उचलणारा, झाडून ठेवणारा तो फरास. हे शब्द फारसीतून मराठीत आले. गालिचा, जाजम, सतरंजी हेही त्याच वाटेने आले. मराठ्यांच्या दरबारात अठरा कारखान्यांपैकी एक संपूर्ण कारखाना बिछायतीसाठी राखून ठेवलेला असे, यावरून अंथरलेल्या वस्त्राचे त्या काळातील महत्त्व ध्यानात येते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत लोकर विणण्याची दुसरी एक परंपरा नांदत आली. ती दरबाराची नव्हती. मेंढपाळाची आणि शेतकऱ्याची होती. काळ्या मेंढीच्या जाडसर लोकरीची घोंगडी हे तिचे रूप. इराणी गालिच्याचा एक जुना नमुना आज जागतिक लिलावात कोट्यवधी रुपयांना विकला जातो, तर घोंगडीसाठी लागणारी लोकर कातरणीनंतर अनेकदा बांधावर टाकून दिली जाते. दोन्हींचा कच्चा माल एकच, मेंढीची लोकर. मग एकीचे मोल वाढत गेले आणि दुसरीचे घटत गेले, हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विणकामाचे तंत्र, व्यापाराचा इतिहास आणि पशुपालनाचे अर्थकारण या तिन्हींचा विचार करावा लागतो.

फरक गाठीचा

कोणत्याही विणलेल्या वस्त्रात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा असतो. घोंगडी, सतरंजी किंवा साडी यांत ताण्याबाण्याची वीण हेच वस्त्र असते. गालिच्यात मात्र या दोहोंखेरीज तिसरा धागा येतो. विणकर ताण्याच्या दोन धाग्यांभोवती रंगीत लोकरीचा छोटा तुकडा गुंडाळून गाठ घालतो आणि उरलेले टोक कापतो. अशा गाठींची एक ओळ पूर्ण झाली की बाण्याचे एक किंवा अधिक धागे आडवे घालून जड फणीने ठोकून बसविले जातात. मग पुढची ओळ. गाठींची वर आलेली टोके कात्रीने सारखी केली की गालिच्यावर मखमलीसारखी लव तयार होते.

गाठीचे मुख्य प्रकार दोन. ज्या गाठीत लोकर ताण्याच्या दोन्ही धाग्यांना पूर्ण वेढा घालते ती सममित गाठ. तिला तुर्की गाठ म्हणतात. ज्या गाठीत एका धाग्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या केवळ मागून फेरा असतो, ती असममित किंवा इराणी गाठ. इराणी गाठ अधिक दाट बसविता येते. त्यामुळे वेलबुट्टीची बारीक वळणे तिच्यात चांगली उतरतात. तथापि नावावरून प्रदेश ठरविणे फसवे आहे. इराणातील तब्रीझसारख्या केंद्रांतही तुर्की गाठ वापरली जाते. असममित गाठीला ज्या सेन्ने गावावरून नाव मिळाले, त्या सेन्नेचे म्हणजे आजच्या सनंदजचे विणकरही सममित गाठच घालतात.

गाठींची घनता हा गालिच्याच्या बारकाव्याचा एक निकष आहे, एकमेव नव्हे. भटक्या टोळ्यांनी विणलेल्या जाडसर गालिच्यांत गाठी कमी असतात. परंतु रेखाटनातील जोम आणि रंगांची खोली यांमुळे त्यांनाही संग्राहक मोठी किंमत देतात. उलट गाठी वाचविण्यासाठी दोनऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ घालण्याची लबाडीही जुनी आहे. इराणात तिला ‘जुफ्ती’ म्हणतात. असा गालिचा वेळ आणि लोकर वाचवितो, पण लवकर झिजतो.

पाझिरिक ते अर्दबील

गाठीच्या गालिच्याचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना अखंड नमुना इराणात सापडला नाही. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना तो १९४९ साली सायबेरियातील अल्ताई पर्वताच्या पाझिरिक खोऱ्यातील एका थडग्यात मिळाला. थडग्यात पाणी शिरून त्याचे बर्फ झाले होते. त्या बर्फानेच लोकर टिकवून ठेवली. इसवी सनापूर्वी पाचव्या ते चौथ्या शतकातील हा गालिचा सुमारे १८३ सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब आहे. त्याच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरमध्ये सुमारे ३,६०० गाठी आहेत. घोडेस्वार आणि सांबरे यांच्या रांगा असलेला हा नमुना सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे. इतके सफाईदार काम पहिल्याच प्रयत्नात साधत नाही. अर्थात ही कला त्याही आधी बरीच जुनी असली पाहिजे.

इराणी गालिच्याचा सुवर्णकाळ मात्र सफवी राजवटीचा. शाह तहमास्प याची कारकीर्द १५२४ ते १५७६ आणि शाह अब्बास पहिला याची १५८८ ते १६२९ अशी. या काळात गालिचा गावाच्या आणि तंबूच्या मागावरून राजाश्रयाच्या कारखान्यात आला. ग्रंथ सजविणाऱ्या चित्रकारांची आरेखने विणकरांच्या हाती आली. मध्यभागी मोठे पदक, भोवती वेलींचे जाळे, कोपऱ्यांत पदकाचे चतुर्थांश आणि बाहेर रुंद किनार, ही आज इराणी म्हणून ओळखली जाणारी रचना याच काळात परिपक्व झाली. काशान, किरमान, इस्फहान, तब्रीझ आणि हेरात ही मोठी केंद्रे ठरली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिचा हे या काळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याची लांबी सुमारे साडेदहा मीटर आणि रुंदी पाच मीटरांहून अधिक. ताणा आणि बाणा रेशमाचा, लव लोकरीची, रंग १० आणि गाठी सुमारे २ कोटी ६० लाख. त्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे वर्ष विणलेले आहे. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने त्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळविले की इसवी सनाचे वर्ष जवळपास मिळते. त्यानुसार हा गालिचा १५३९-४० चा ठरतो. १० विणकरांनी रोज प्रत्येकी ८,००० गाठी घातल्या असे धरले, तरी नुसत्या गाठींनाच ३२५ दिवस लागतील. लोकर कातणे, रंगविणे, माग लावणे आणि लव कापणे हे वेगळेच. हा गालिचा संग्रहालयाने १८९३ साली २,००० पौंडांना विकत घेतला. विल्यम मॉरिस यांनी त्याची शिफारस केली होती. जोडीचा दुसरा गालिचा कापून पहिल्याच्या दुरुस्तीसाठी वापरला गेला. त्याचा उरलेला भाग लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

रंगाची परीक्षा

जुन्या गालिच्याचे सौंदर्य रंगांत असते आणि रंगांचे रहस्य लोकरीत. इराणी विणकर लोकरीची प्रत काटेकोरपणे निवडतो. कोकराच्या अंगावरील मऊ लोकर सर्वोत्तम. तिला ‘कुर्क’ म्हणतात. कत्तलीनंतर कातड्यावरून चुन्याच्या साह्याने काढलेली लोकर निस्तेज आणि ठिसूळ होते, म्हणून ती कमी प्रतीची समजली जाते. चांगल्या लोकरीत अंगचा स्निग्धपणा आणि लवचीकपणा असतो. त्यामुळे पावलाखाली दबलेली लव पुन्हा उभी राहते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने तिला झळाळी येते.

रंगविण्यापूर्वी लोकर तुरटीच्या पाण्यात उकळतात. तुरटीमुळे रंग धाग्याला घट्ट धरून राहतो. लाल रंग मंजिष्ठाच्या कुळातील झुडपाच्या मुळांतून, निळा नीळेतून, पिवळा रानटी फुलझाडांतून व डाळिंबाच्या सालीतून आणि तपकिरी अक्रोडाच्या सालीतून मिळतो. हिरव्यासाठी निळीवर पिवळ्याचा हात देतात. काळ्या आणि गडद तपकिरी रंगासाठी लोहयुक्त द्रव्ये वापरीत. ती कालांतराने लोकरीला खातात. म्हणूनच अनेक जुन्या गालिच्यांत इतर रंगांची लव शाबूत आणि काळ्या रेषा तेवढ्या खोल गेलेल्या दिसतात. हा दोष असला तरी तो वयाचा एक पुरावाही आहे. एकाच रंगात मधूनच फिकट-गडद पट्टे दिसतात, त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. लोकर थोडी थोडी करून वेगवेगळ्या वेळी रंगविल्याची ती खूण होय.

१८५६ साली विल्यम पर्किन यांनी कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत तो इराणच्या मागांपर्यंत पोहोचला. सुरुवातीचे हे रंग स्वस्त आणि भडक होते; पण उन्हाने उडत, पाण्याने पसरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणी सरकारने त्यांवर बंदी घालण्याचे प्रयत्न केले. याच सुमारास झिगलर यांच्यासारख्या युरोपीय पेढ्यांनी सुलतानाबाद परिसरात पाश्चात्त्य दिवाणखान्यांच्या मापाचे गालिचे विणून घेण्यास आरंभ केला. कला टिकली, पण ती बाजाराच्या मापात बसविली गेली.

घाटवाटेवरचे जुन्नर

इराण आणि जुन्नर यांचा संबंध दूरचा वाटला तरी नवा नाही. कोकणातील बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या मालाचे जुन्नर हे सातवाहन काळापासूनचे पेठेचे ठिकाण. नाणेघाटातील दगडी रांजण आणि शिलालेख त्याची साक्ष देतात. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत यवन दात्यांची नावे आहेत, तसेच बुरूड, कासार आणि धान्य व्यापारी यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. परदेशी व्यापारी आणि स्थानिक कारागीर या दोघांचीही नोंद ठेवणारे हे गाव आहे.

मध्ययुगात ही वाट चौल बंदरातून येऊ लागली. बहमनी राजवटीत दख्खनच्या दरबारांनी इराणी मुत्सद्दी, सैनिक आणि कवींना मुक्तद्वार ठेवले होते. प्रसिद्ध वजीर महमूद गावान हा इराणच्या गिलान प्रांताचा. १४७० च्या सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितीन इराण ओलांडून, होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला आणि तेथून जुन्नरला आला. विक्रीसाठी त्याने एक घोडा आणला होता. पावसाळ्याचा मुक्काम त्याने जुन्नरमध्येच केला. तेथील सुभेदार असदखानाने त्याचा घोडा जप्त करून धर्मांतराची अट घातली, तेव्हा एका खोरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली. या देशाचा कारभार खोरासानी लोकांच्या हाती आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली.

१४९० साली मलिक अहमदने जुन्नरलाच निजामशाहीची घोषणा केली आणि काही वर्षांनी राजधानी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला हलविली. पुढे इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने बुरहान निजामशाहने १५३७ साली शिया पंथ स्वीकारला. इराणी भाषा, वेश, बागा आणि बिछायत यांचा दख्खनी दरबारांवर पडलेला प्रभाव या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला, तेव्हा ३ लाख होन, २०० घोडे आणि मौल्यवान वस्त्रे हाती लागल्याचे इतिहासात नमूद आहे. जुन्नरची पेठ किती संपन्न होती याची त्यावरून कल्पना येते.

उत्तरेत अकबराने आग्रा, फतेहपूर आणि लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने काढले. तरीही जोशकान, किरमान, सब्जवार येथून गालिचे येतच असत, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले आहे. दक्षिणेत वरंगळ, एलुरू आणि मछलीपट्टण या भागात गालिचे विणले जाऊ लागले. दख्खनी गालिच्यांचा प्रवास किती दूरवर झाला याचे नवल वाटावे असे उदाहरण जपानात आहे. क्योतो येथील गिओन उत्सवात मिरविल्या जाणाऱ्या रथांवर जे जुने गालिचे लावतात, त्यांतील अनेक सतराव्या-अठराव्या शतकातील दख्खनी गालिचे असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते तेथे पोहोचले होते.

येरवड्याचे माग

गाठीचा गालिचा पुणे जिल्ह्यात विणला गेला, तो मात्र अनपेक्षित ठिकाणी. येरवड्याच्या तुरुंगात. इंग्रजी अमलात आग्रा, लाहोर, येरवडा अशा अनेक तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. गालिच्याचे काम तुरुंगाला सोयीचे होते. ते वर्षानुवर्षे चालते, त्याला अनेक हात लागतात आणि एकदा गाठ शिकली की पुढचे काम आरेखन वाचून दाखविणाऱ्याच्या सांगण्यावरून करता येते. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला भव्य गालिचा १८९४ साली राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर राजवाड्यासाठी गेला.

या तुरुंगी गालिच्यांवर कठोर टीका झाली. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केलेले जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय कारागिरीवरील ग्रंथात त्यांना दोष दिला. कैद्यांचे श्रम जवळपास फुकट असल्याने तुरुंग स्वस्तात माल विकतो, त्यामुळे पिढीजात विणकर बुडतो आणि भडक रंगांच्या नकलांनी अभिरुची बिघडते, असा या टीकेचा आशय होता. या आक्षेपांना उत्तर म्हणून तुरुंगांच्या अधिकाऱ्यांनी जुन्या, अस्सल नमुन्यांकडे मोर्चा वळविला. येरवड्याने त्यासाठी विजापूरच्या आसार महालातील आदिलशाही काळातील गालिचे निवडले. त्यांची आरेखने उतरवून घेऊन येरवड्याच्या मागांवर त्यांच्या प्रतिकृती विणल्या गेल्या. विजापूरचे मूळ गालिचे आज तेथील गोल घुमटाच्या संग्रहालयात आहेत.

मुंबई इलाख्यातील गालिचा विणकामावर एच. जे. आर. ट्विग यांचा स्वतंत्र अहवाल १९०७ साली प्रसिद्ध झाला. सरकारी पातळीवर या धंद्याचा विचार होत होता, हे त्यावरून दिसते. परंतु येरवड्याच्या विणकामातून गावोगावी स्वतंत्र विणकरांची पिढी उभी राहिली नाही. शिक्षा संपली की कैदी घरी जाई आणि गाठीची विद्या तुरुंगाच्या भिंतीआड राही. काशान किंवा फार्समध्ये ही कला घरात, आईकडून मुलीकडे, मेंढपाळाकडून रंगाऱ्याकडे आणि रंगाऱ्याकडून विणकराकडे वाहत राहिली. म्हणूनच २०१० साली युनेस्कोने फार्स आणि काशान येथील गालिचा विणण्याच्या पारंपरिक कौशल्यांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथे वस्तूइतकाच मान ती घडविणाऱ्या समाजाच्या ज्ञानाला मिळाला.

काळ्या मेंढीची घोंगडी

अशीच अखंड साखळी जुन्नर-आंबेगाव परिसरात होती, ती घोंगडीची. या भागातील मेंढी दख्खनी जातीची. काटक, कमी पाण्यावर तग धरणारी, लांबच्या चालीची. तिची लोकर बहुधा काळी किंवा काळीपांढरी, जाडसर आणि केसाळ. वर्षातून साधारणतः दोनदा मेंढ्या भादरल्या जातात आणि एका मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ असते आणि जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची. इराणी विणकर ज्याला कुर्क म्हणतो, त्याचीच ही मराठी बहीण.

लोकर निवडून, झटकून, पिंजून घेतात. मग स्त्रिया चरख्यावर सूत काततात. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून केलेली ही खळ कुंच्याने ताण्यावर एकसारखी फिरवावी लागते. खळीने सुताची कुसळे बसतात, धाग्याला ताठपणा येतो आणि मागावर तो तुटत नाही. नंतर खड्डामागावर विणकाम. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबतो आणि हाताने धोटा फेकतो. मागाची रुंदी मर्यादित असल्याने बहुधा दोन पट्ट्या विणून त्या मधोमध शिवतात. हे काम मुख्यत्वे सणगर आणि खुटेकर धनगर समाजाकडे राहिले. मेंढ्या पाळणारे धनगर वेगळे. मेंढपाळ, कातणारी, विणणारा आणि आठवडी बाजारातील विक्रेता अशी ही साखळी होती.

घोंगडीला बहुधा रंग देत नाहीत. मेंढीचा जो रंग तोच घोंगडीचा रंग. काळ्या अंगावर किनारीला पांढरे काठ, एवढीच नक्षी. पण तिचे गुण उपयोगात आहेत. जाड, केसाळ धाग्यावरून पावसाचे थेंब ओघळून जातात. ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही. रानात वाड्यावर रात्र काढणाऱ्या मेंढपाळाला अंथरूण, पांघरूण, पावसाची खोळ आणि ओझ्याची चुंबळ अशा चारही कामांना ती एकटी पुरते. देव्हाऱ्यातही तिचे स्थान आहे. खंडोबा आणि बिरोबाच्या विधींत घोंगडीचे आसन अंथरले जाते. या लोकदैवतांचा आणि पशुपालक समाजाचा संबंध गुंटर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी विस्ताराने उलगडून दाखविला आहे. राजकारण्यांची ‘घोंगडी बैठक’ आणि निर्णय न होता पडून राहिलेल्या प्रकरणाचे ‘भिजत घोंगडे’ हे शब्दप्रयोग तर शहरी वाचकाच्याही नित्याच्या वापरातील आहेत.

लोकर बांधावर का पडते?

या साखळीचे दुवे एकेक करून निसटले. पहिला धक्का बाजाराचा. यंत्रावर विणलेली स्वस्त ब्लँकेटे आणि पावसासाठी प्लास्टिक आले. हाताने कातून विणलेली घोंगडी त्यांच्या किमतीशी स्पर्धा करू शकत नाही. दुसरा धक्का मेंढपाळाच्या हिशेबाचा. मांसाला भाव आणि लोकरीला नाही, अशी स्थिती झाल्यावर मेंढपाळ वजनदार अंगाच्या, पण कमी लोकरीच्या माडग्याळसारख्या जातींकडे वळले. अनेकदा मेंढ्या भादरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते. मेंढीला उकाड्याचा आणि गोचिडांचा त्रास होऊ नये म्हणून कातरणी करावीच लागते, आणि कातरलेली लोकर मात्र पडून राहते.

तिसरे कारण जमिनीचे. कुकडी प्रकल्पातील धरणांनी आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाने या दोन तालुक्यांचे रूप पालटले. डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव गावच बुडाले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालू राहिला. पाणी आले तशी द्राक्षे, ऊस, टोमॅटो आणि भाजीपाला यांची शेती बहरली. शेतकऱ्याला बरकत आली, पण पडीक रान आणि गायराने आक्रसली. पूर्वी सुगीनंतर शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसविण्यासाठी धनगराला धान्य देत, कारण लेंडीखताची गरज होती. आता बारमाही पिकांत कळपाला थांबायला जागा उरत नाही. उसाच्या आश्रयाने वाढलेल्या बिबट्यांचा धोका आणखी वेगळा.

यावर साधा उपाय सुचतो तो असा, की हीच लोकर गालिच्यांना का वापरू नये? येथे तंत्र आडवे येते. लवेच्या गाठीसाठी धागा लवचीक, मध्यम जाडीचा आणि रंग नीट घेणारा लागतो. दख्खनी लोकर फार केसाळ आणि बहुतांशी काळी. काळ्या लोकरीवर मंजिष्ठ आणि पिवळा उमटत नाहीत. म्हणूनच भदोही-मिर्झापूरचा गालिचा उद्योग बिकानेरी आणि न्यूझीलंडच्या लोकरीवर चालतो. दख्खनी लोकरीचा मान तिच्या स्वतःच्या वस्तूंत आहे. घोंगडी, जाड आसने, लोकर दाबून केलेली जेन, पिशव्या आणि भिंतीवरील वस्त्रे. गेल्या काही वर्षांत जुन्नर परिसरातील काही तरुणांनी इंटरनेटच्या माध्यमातून शहरांत आणि परदेशांत घोंगडी विकण्याचा मार्ग धरला आहे. मागणी आहे, हे त्यातून दिसून आले. अडचण विणणाऱ्या हातांची आहे. मागावर बसणारे बहुतेक कारागीर वयस्क आहेत आणि चरख्यावर कातणाऱ्या स्त्रिया त्याहून कमी.

ओळख आणि पारख

गालिच्याच्या बाबतीत शहरी ग्राहक फसतो, तो पारख नसल्यामुळे. हाताच्या गालिच्याची मागची बाजू समोरच्याइतकीच बोलकी असते. तेथे नक्षी स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित असमान असतात. टोकाचे गोंडे हे ताण्याचेच धागे असतात. ते वेगळे शिवलेले आढळले तर शंका घ्यावी. लव वाकवून मुळाशी पाहिल्यास गाठ दिसली पाहिजे. यंत्रावरच्या गालिच्यात बहुधा मागे चिकट थर लावलेला असतो. ओले पांढरे फडके घासल्यावर रंग उतरला तर तो कच्चा आहे. भारतात पुराण वस्तू व कलानिधी कायदा १९७२ अन्वये १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकण्यास नेता येत नाही, हेही संग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

घोंगडीचीही पारख आहे. अस्सल घोंगडी हाताला खरखरीत लागते, तिला लोकरीचा उग्र वास असतो, तिच्यावर मधोमध शिवण दिसते आणि धागा जळाल्यास केस जळाल्यासारखा वास येऊन राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. पारखणारा ग्राहक असला तर विणकराला नक्कल करून स्वस्त विकण्याची गरज पडत नाही. इराणी गालिच्याची कीर्ती कारागिरांइतकीच अशा पारख्यांनीही घडविली आहे.

१६०० नंतरच्या काळातील एक इराणी गालिचा २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. मात्र त्या झगमगाटाने इराणच्या आजच्या विणकराचे पोट भरत नाही. अमेरिकेने २०१० साली इराणी गालिच्यांची आयात रोखली, २०१६ साली ती खुली केली आणि २०१८ साली पुन्हा बंद केली. १९९० च्या दशकात २ अब्ज डॉलरच्या घरात गेलेली इराणची गालिचा निर्यात आता तिच्या अल्पशा अंशावर आली आहे. जुन्या वस्तूचे मोल वाढते आणि ती घडविणारा हात रिकामा राहतो, ही विसंगती केवळ जुन्नर-आंबेगावची नाही.

फरक एवढाच की इराणात रिकामा झालेला हात मोजला जातो, त्याची चर्चा होते. येथे शेवटचा माग केव्हा थांबला याची नोंदही राहण्याची शक्यता कमी. शंभर वर्षांनी एखाद्या संग्रहालयातील काचेच्या पेटीत काळी घोंगडी ठेवली जाईल आणि तिच्याखाली ‘जुन्नर परिसर’ अशी पाटी असेल. तोवर थांबायचे की ती विणणारी माणसे हयात असतानाच तिचे मोल जाणायचे, हा निर्णय मात्र आजच्या ग्राहकाचा आणि शासनाचा आहे. हे घोंगडे आणखी किती दिवस भिजत ठेवायचे, हे त्यांनीच ठरवायचे आहे.